तीस पायऱ्या चढून गेल्यावर

मुंबईत एक इमारत अशी आहे की तिच्या पायऱ्या साऱ्या शहराला ठाऊक आहेत आणि तिचे दार फार थोड्यांना. फोर्ट भागात, हॉर्निमन सर्कलच्या बागेसमोर ही इमारत उभी आहे. दर्शनी बाजूला ग्रीक देवळासारखे आठ भव्य खांब, त्यांच्यावर त्रिकोणी माथा, आणि रस्त्यापासून खांबांपर्यंत चढत गेलेल्या तीस रुंद पायऱ्या. जुनी माणसे तिला टाउन हॉल म्हणतात, वाचणारी माणसे नुसते ‘एशियाटिक’ म्हणतात आणि तरुण मंडळी ‘त्या पायऱ्या’ म्हणतात. संध्याकाळी वारा सुटला की तिथे बसायला जागा मिळत नाही. लग्न ठरलेली जोडपी छायाचित्रकाराला बरोबर घेऊन भल्या सकाळी येतात आणि खांबाला टेकून एकमेकांकडे पाहत उभी राहतात. चित्रपटवाल्यांना तर न्यायालय दाखवायचे झाले की हटकून या पायऱ्यांची आठवण होते.

मी एकदा माझ्या वर्गात विचारले, “या पायऱ्यांवर कोण कोण बसले आहे?” चाळीस मुलांपैकी पस्तीस हात वर झाले. “आणि आत कोण गेले आहे?” दोन हात. त्यांतला एक मुलगा पाणी प्यायला गेला होता. दुसरी मुलगी मात्र खरोखरच पुस्तकासाठी गेली होती. तिची हकीगत पुढे सांगणारच आहे, कारण ती ऐकल्यापासून या विषयाने माझी पाठ सोडलेली नाही. पण आधी, वाचकहो, तुम्हाला त्या पायऱ्या चढवून एकदा आत न्यायला हवे.

ही इमारत ज्या संस्थेचे घर आहे, ती संस्था इमारतीहून वडील आहे. सर जेम्स मॅकिंटॉश हे त्या वेळी मुंबईचे मुख्य न्यायाधीश होते. त्या पदाला तेव्हा रेकॉर्डर म्हणत. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी त्यांनी परळला आपल्या राहत्या घरी काही विद्याव्यासंगी गोरे गृहस्थ जमवले आणि ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ या संस्थेची स्थापना केली. जमलेले लोक कंपनी सरकारचे अधिकारी, डॉक्टर, लष्करातले हौशी जिज्ञासू असे होते. पुढे ही मंडळी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला जोडली गेली आणि तिची मुंबई शाखा झाली. स्वातंत्र्यानंतर ‘रॉयल’ गळाले, २००२ साली ‘बॉम्बे’ जाऊन ‘मुंबई’ आले. एवढी बारशी झाली तरी लोकांच्या तोंडी एकच नाव राहिले, एशियाटिक.

टाउन हॉलची कल्पनाही याच मंडळींच्या डोक्यातली. शहराला शोभेल असे सभागृह, त्यात ग्रंथालय, वस्तुसंग्रह. बेत मोठा होता आणि खिशात दमडी नव्हती. मग काय केले? चक्क लॉटरी काढली! लॉटरीनेही पुरते भागले नाही, तेव्हा उरलेला भार कंपनी सरकारच्या गळ्यात पडला. ग्रंथालयाला पैशाची ओढ असणे ही गोष्ट आपल्याकडे केवढी जुनी आहे, हे यावरून ध्यानात यावे. आराखडा केला लष्करी इंजिनिअर कर्नल टॉमस काउपर यांनी. पुरी झालेली इमारत पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ते वारले आणि काम दुसऱ्यांनी तडीस नेले. १८३३ साली इमारत उभी राहिली. एक आख्यायिका अशी सांगतात की, आणवलेल्या खांबांपैकी काही इतके अवाढव्य निघाले की ते इथे बसेनात, आणि मग ते भायखळ्याच्या चर्चला देऊन टाकले. घरातले मोठे कपाट नव्या बिऱ्हाडाच्या दारातून आत जात नाही तेव्हा आपण जे करतो, तेच साहेबानेही केले म्हणायचे.

दारातून आत गेले की बाहेरच्या उन्हाने दिपलेले डोळे निवायला थोडा वेळ लागतो. मग एकेक पुतळा दिसू लागतो. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, सर जॉन माल्कम, आणखी कोणी कोणी लाटसाहेब, सगळे संगमरवरी. आणि त्यांच्याच पंगतीत डोईवर पगडी घातलेले आपले नाना शंकरशेट, तसेच सर जमशेटजी जीजीभाई. मला या दालनात आले की नानांचा पुतळा आधी पाहावासा वाटतो. आजूबाजूला कोण बसले आहे याचे काही एक दडपण नाही अशी त्यांची बैठक आहे. वर चढायला लोखंडी कठड्यांचे देखणे जिने, उंच छत, सागवानी कपाटे, रुंद टेबले. कोठे तरी पंखा कुरकुरत असतो. एखादा वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र इतके सावकाश वाचत असतो की त्यातली बातमी शिळी होऊन इतिहासात जमा व्हावी. ही शांतता आपल्याकडच्या सार्वजनिक जागांत विरळा. देवळातसुद्धा ती मिळत नाही.

पण या शांततेत शिरायला आपल्या माणसांना झगडावे लागले आहे, हे विसरून चालणार नाही. ‘एशियाटिक’ म्हणजे आशिया खंडासंबंधीची संस्था. पण आशियातल्या माणसाला मात्र प्रवेश नाही, असा कित्येक वर्षे तिथला न्याय होता. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांचा अर्ज आधी फेटाळला गेला. ते मागे हटले नाहीत आणि १८४० च्या सुमारास ते पहिले हिंदी सभासद झाले. मौज अशी की, याच काळात संस्थेच्या नियतकालिकाच्या आरंभीच्या खंडांत आपले बाळशास्त्री जांभेकर प्राचीन लेखांची भाषांतरे देत होते. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर भाऊ दाजी लाड आले. दिवसा नाड्या पाहायच्या आणि उरल्या वेळात शिलालेख वाचायचे, असा त्यांचा दुहेरी संसार होता. त्यांच्या संग्रहातल्या पोथ्या आज याच ग्रंथालयात आहेत. आणि १८९२ साली न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अध्यक्षाच्या खुर्चीत बसले. ज्या पायऱ्यांवरून १८५८ च्या १ नोव्हेंबरला राणीचा जाहीरनामा वाचला गेला, त्याच पायऱ्या चढून चौतीस वर्षांनी एक मराठी विद्वान त्या संस्थेचा अध्यक्ष म्हणून आत गेला.

विसाव्या शतकातली नावे तर आपल्या घरातलीच. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास १९३० ते १९६२ अशा बत्तीस वर्षांत प्रसिद्ध झाला. त्या व्यासंगाचे नाते या ग्रंथालयाशी जडलेले आहे, आणि त्यांच्या नावाची संशोधनसंस्था आज इथेच चालते. दुर्गाबाई भागवत तर वर्षानुवर्षे इथे येऊन बसत. पदवी नको, पगार नको, नुसते वाचायचे आणि टिपणे काढायची! असे आयुष्य काढायला टेबल, खुर्ची आणि मागितलेले पुस्तक आणून देणारा माणूस एवढेच लागते. पण ते एवढेच मिळणे किती कठीण, ते संशोधन करणाऱ्याला विचारा.

आता खजिन्याकडे वळू. कारण एशियाटिकचे नाव काढले की कोणी ना कोणी डांटेचे नाव काढतोच. डांटे या इटालियन महाकवीच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ची शेकडो वर्षांपूर्वीची हस्तलिखित प्रत इथे आहे, एल्फिन्स्टनसाहेबांनी ती संस्थेला भेट दिली. मुसोलिनीने ही प्रत मिळवण्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते आणि संस्थेने ते नाकारले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा पदरची, तिच्यामुळे डांटेभोवती वलय आले आहे. तो कडेकोट बंदोबस्तात असतो आणि क्वचित प्रसंगी दर्शन देतो.

माझे मन मात्र डांटेपेक्षा दोन दुसऱ्या वस्तूंवर जडले आहे. एक म्हणजे महाभारतातल्या आरण्यकपर्वाची सचित्र पोथी. १५१६ साली, दिल्लीच्या तख्तावर सिकंदर लोदी असताना, आग्र्याच्या जवळपास कोणा लेखकाने ती लिहिली आणि कोणा चिताऱ्याने तीत रंग भरले. बाबर अजून हिंदुस्थानात यायचा होता. पोथी कागदावर आहे, बरे का! पाचशेहून अधिक वर्षांपूर्वीचा कागद.

दुसरी वस्तू सोपाऱ्याची. सकाळच्या विरार लोकलमध्ये लटकून येणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की आपले नालासोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर? तिथल्या ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उत्खनन केले आणि एका स्तूपाच्या पोटात दगडी पेटी मिळाली. पेटीत करंडक, त्या करंडकात दुसरा करंडक, असे करत करत शेवटी सोन्याचा. आणि त्या सोन्याच्या करंडकात काय? मातीच्या भांड्याचे तुकडे. भगवान बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते तुकडे, अशी श्रद्धा. भोवती ब्राँझच्या आठ छोट्या मूर्ती. हे सारे एशियाटिकच्या संग्रहात आहे. मातीच्या खापराला सोन्याचे घर द्यायची ही बुद्धी ज्याला सुचली, त्या अनाम माणसाचे मला फार कौतुक वाटते. त्याला कशाची किंमत काय हे ठाऊक होते.

संस्थेजवळ लाखावर पुस्तके आहेत, त्यांतली सुमारे पंधरा हजार दुर्मिळ म्हणून वेगळी गणलेली. तीन हजारांवर पोथ्या, हजारावर नकाशे, अकरा हजारांहून जास्त नाणी. पण मोजदाद पुरे. आता त्या मुलीची हकीगत.

ती आमच्या एम.ए.च्या वर्गात होती. तिची आजी एक जुने नाट्यपद गुणगुणत असे. आजी गेली आणि पद अर्धेच आठवते आहे, अशी तिची अवस्था. पद कोणत्या नाटकातले? कोणालाच सांगता येईना. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले आणि त्यानंतर संगीत नाटकांचे नुसते पेव फुटले. गावोगाव नाटकमंडळ्या, आणि प्रत्येक नाटकाच्या पदांचे एक चिमुकले पुस्तक. थिएटरच्या दाराशी दोनचार पैशांना ते मिळायचे. प्रेक्षक पदे चालू असताना त्यात बोट ठेवून बसायचे. नाटक संपले की पुस्तक खिशात, खिशातून फळीवर, फळीवरून बंबात. अशा पुस्तकांचा शोध ही मुलगी घेऊ लागली.

सुरुवात तिने योग्य जागी केली. शंकर गणेश दाते या गृहस्थांनी उभ्या आयुष्याची वर्षे घालून ‘मराठी ग्रंथसूची’ तयार केली आहे. १८०० पासून १९३७ पर्यंत छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची नोंद तिच्या पहिल्या खंडात आहे, आणि दुसरा खंड १९५० पर्यंत येतो. आमच्या विषयात काम करणाऱ्याने रोज सकाळी दात्यांना एक नमस्कार करावा, इतके त्यांचे उपकार आहेत. तर सूचीत तिला सातआठ नावे सापडली. ती यादी घेऊन ती एशियाटिकला गेली, मग आणखी दोन जुन्या ग्रंथालयांत. शेवटी एके ठिकाणी – कोठे ते सांगत नाही, कारण ही गत सगळीकडचीच आहे – एक पुस्तक मिळाले. ग्रंथपालबाईंनी ते खाकी पाकिटातून, दोन्ही हातांवर धरून, प्रसाद आणावा तसे आणले आणि म्हणाल्या, “पान मी उलटते. तू फक्त वाच.” बाईंनी पहिले पान उलटले. कोपरा त्यांच्या चिमटीत राहिला. दुसरे पान उलटले, ते मधोमध दुभंगले. चौथ्या पानावर दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि पुस्तक मिटले.

“बाई,” मुलगी मला म्हणाली, “पद कदाचित पुढच्याच पानावर असेल. पण ते वाचायचे म्हणजे ते संपवायचे.”

आता गंमत पाहा. गंमत कसली, दुर्दैवच. १५१६ सालचा आरण्यकपर्वाचा कागद शाबूत आहे आणि १८९० सालच्या आसपासचे मराठी पुस्तक हात लावला की पापडासारखे मोडते आहे. हे कसे? याचे उत्तर कागदाच्या पोटात आहे. जुना कागद चिंध्यांचा, तागाचा, हाताने केलेला. आपल्याकडे जुन्नरी कागद होता, दौलताबादी कागद होता. त्यातले धागे लांब आणि चिवट. त्यावर काजळाची शाई, जी उडत नाही आणि कागदाला खातही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या गिरण्या लाकडाच्या लगद्यापासून कागद करू लागल्या. तो स्वस्त पडला, ढिगाने मिळू लागला. शाई पसरू नये म्हणून त्याला राळ आणि तुरटी देत. ही तुरटीच पुढे घात करते. तिच्यामुळे कागदात आम्ल धरते आणि ते आम्ल आतल्या आत धागे तोडत जाते. लाकडातला जो भाग उन्हाने पिवळा पडतो तो असतोच. म्हणजे वाळवी नको, कसर नको, पाऊस नको, नुसते कपाटात ठेवलेले पुस्तक स्वतःच स्वतःला खात बसते. त्यात मुंबईची हवा दमट आणि खारट. एशियाटिकपासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे.

आणि नेमका हाच काळ मराठी छापील पुस्तकाच्या बहराचा! पहिल्या कादंबऱ्या, पहिली स्त्रीलिखित पुस्तके, स्वयंपाकाची पुस्तके, आरत्यांचे संग्रह, सुधारकांची आणि सनातन्यांची एकमेकांना झोडपणारी चोपडी, शाळेची क्रमिके, पंचांगे, वैद्यकीच्या पुस्तिका. छापखाने वाढले, वाचक वाढले, किंमत दोन आण्यांवर आली, आणि ती दोन आण्यांवर आली ती याच नासक्या कागदामुळे. तो स्वस्त कागद मिळाला नसता तर आमच्या पणज्यांच्या हाती पुस्तक आले नसते. तो मिळाला म्हणून ते पुस्तक आज आमच्या हाती येत नाही. मला या गोष्टीवर कोणाला दोष द्यावा हे कळत नाही.

पोथी नकलून काढणारे आपले जुने लेखक अखेरच्या पानावर एक विनंती लिहून ठेवत, पोथीच्याच तोंडी घातलेली: तेलापासून मला राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. पोथी लाल फडक्यात घट्ट बांधायची, मध्ये वेखंडाचा तुकडा किंवा कडुलिंबाची पाने टाकायची, वर्षाकाठी उन्हे दाखवायची, असा पिढ्यानुपिढ्यांचा रिवाज होता. पोथीची पूजा होई म्हणून हे सारे सुचले. दोन आण्यांच्या पदांच्या पुस्तकाची पूजा कोण करणार?

इथेच मला डांटेचा थोडासा राग येतो. म्हणजे त्या बिचाऱ्या महाकवीचा नव्हे, त्याच्याभोवतीच्या आपल्या भाबड्या कौतुकाचा. डांटेच्या काव्याच्या जुन्या हस्तलिखित प्रती जगात शेकड्यांनी आहेत. मुंबईतली प्रत मोलाची आहेच, तिला जपायलाच हवे. पण दुर्दैवाने ती नाहीशी झाली तरी डांटे नाहीसा होणार नाही. ते पदांचे पुस्तक गेले तर त्यातली पदे जगातून गेली. एका प्रतीवर तगून असलेली अशी मराठी पुस्तके किती असतील? त्यांना कोणी मुसोलिनी किंमत देऊ करत नाही, म्हणून त्यांच्याभोवती वलय नाही.

१८६७ साली सरकारने छापखान्यांसाठी कायदा केला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद करायची, प्रत सरकारात द्यायची. हेतू अर्थातच नेटिवांवर नजर ठेवण्याचा. पण त्या कायद्यामुळे कित्येक मराठी पुस्तके निवडून लंडनला धाडली गेली आणि तिथल्या थंड हवेत ती आज बरी आहेत. तिथल्या ब्रिटिश म्युझियमने मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची सूची १८९२ सालीच प्रसिद्ध केली. ज्यांनी आमच्यावर पाळत ठेवली त्यांच्याच कपाटात आमची नाट्यपदे सुखरूप राहावीत, याला काय म्हणावे? स्वतंत्र भारताने १९५४ साली आपला कायदा केला. प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत ठरलेल्या मोठ्या ग्रंथालयांना द्यायची, आणि त्यांत मुंबईचेही एक आहे. तेव्हा आजच्या पुस्तकाची थोडीफार तरी सोय आहे. मधल्या काळातल्यांची नाही.

काहीच होत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. एशियाटिकमध्ये पुस्तकांचे एक छोटेसे इस्पितळच आहे. तिथे जे चालते त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. आधी पुस्तकाची शिवण उसवायची, पान न् पान सुटे करायचे, मऊ कुंचल्याने झाडायचे. मग कागदातले आम्ल मारायचे. त्यासाठी चुन्याच्या निवळीसारखे द्रव्य वापरतात. पान वाळले की त्याच्या दोन्ही अंगांना जपानी टिश्यूचा, माशीच्या पंखासारखा पारदर्शक कागद खळीने चिकटवायचा, दाबाखाली ठेवायचे, आणि सगळी पाने अशी झाली की पुन्हा शिवायचे. एका पुस्तकाला दिवसच्या दिवस लागतात. खर्चासाठी संस्थेने ‘पुस्तक दत्तक घ्या’ अशी योजनाही काढली. पैसे आपण भरायचे, उपचार तिथे व्हायचे. मुलाच्या मुंजीत हॉलवाल्याला जेवढे मोजतो त्याच्या लहानशा हिश्श्यात पुस्तके जगू शकतील, हे मी आमच्या आप्तेष्टांत बोलून पाहिले. सर्वांनी माना डोलावल्या.

दुसरा उपाय म्हणजे पुस्तकाची छायाप्रत संगणकावर चढवणे. ‘ग्रंथसंजीवनी’ या नावाने एशियाटिकने गेल्या काही वर्षांत हे काम मनावर घेतले आहे. जुनी पुस्तके, वर्तमानपत्रे, नकाशे, पोथ्या यांची चित्रे घेऊन ती घरबसल्या वाचता येतील अशी व्यवस्था केली आहे. माझे काही व्यवसायबंधू याला नाक मुरडतात. म्हणतात, कागदाचा वास कुठे, हाताला लागणारा स्पर्श कुठे? मला विचाराल तर, ज्या पुस्तकाला स्पर्शच मरण आहे त्याच्या बाबतीत हा रसिकपणा परवडणारा नाही. आधी मजकूर वाचू द्या. वासाचे मागाहून बघू. मात्र एक आहे. चित्र घ्यायलाही पान एकदा उलटावे लागते, आणि चार पानांत मोडणारे पुस्तक त्यासाठी आणखी दहा वर्षे थांबेल असे त्या ग्रंथपालबाईंना वाटत नव्हते.

थांबलेले नसते ते आपल्या घरांत तर मुळीच. दिवाळीच्या आधी आपण माळे साफ करतो, रद्दीवाला बोलावतो आणि किलोच्या भावाने काय काय जाते ते पाहतही नाही. आता तुमच्या हातात जो अंक आहे तोही याच वाटेचा प्रवासी. का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासूनची ही आपली लाडकी परंपरा. पण पहिल्या पन्नास वर्षांतले दिवाळी अंक ओळीने लावून दाखवा म्हटले तर भल्याभल्या ग्रंथालयांना घाम फुटेल.

आमच्या शेजारच्या काकूंकडे माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती, सासऱ्यांच्या वेळची. यंदा ती काढायची ठरली. मी मदतीला म्हणून गेले. खरा हेतू काकूंनी ओळखला होता. वरच्या थरात लाल फडक्यात बांधलेल्या दोन पोथ्या, अगदी ठणठणीत. त्यांच्याखाली लग्नपत्रिका, खताचे कागद, आणि तळाशी छापील पुस्तके, काही सुटली, काही एकमेकांना चिकटलेली. काकूंचा नातू उत्साहाने चिकटपट्टीचे रीळ घेऊन धावत आला. त्याला मी थांबवले. चिकटपट्टीतला डिंक काही वर्षांत तपकिरी होतो आणि कागदात उतरतो. मग इस्पितळवाल्यांनाही तो काढता येत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधू नये, आत दमट हवा कोंडते. मोडकी पुस्तके उभी ठेवू नयेत, आडवी ठेवावीत, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून. आणि कुठेही द्यायच्या आधी मुखपृष्ठ, पहिले पान, शेवटचे पान यांचे फोनवर फोटो काढून ठेवावेत. हे सारे मी नातवाला सांगितले, आणि फोटो काढायचे काम त्यालाच दिले. ते त्याने माझ्यापेक्षा चांगले केले.

सोळा पुस्तके निघाली. त्यांतली सहा वाचता येण्यापलीकडे गेली होती. फोटो मी एका जुन्या ग्रंथसंग्रहालयाकडे पाठवले. चार दिवसांनी उत्तर आले, की दहांपैकी सात त्यांच्याकडे आहेत, तीन नाहीत. तीन घेऊन या. काकू स्वतः टॅक्सी करून आल्या, पुस्तके मांडीवर धरून. पदांचे पुस्तक त्यांत नव्हते. एक वैद्यकीचे होते, एक कीर्तनाचे, आणि तिसऱ्याला मुखपृष्ठच नव्हते, पण आतल्या अर्धवट कोऱ्या पानावर काकूंच्या आजेसासूबाईंनी शाईने लोणच्याच्या मसाल्याचे प्रमाण लिहिलेले होते. काकूंनी ते प्रमाण तिथल्या टेबलावर बसून उतरवून घेतले, चष्मा दोनदा पुसला, मग पुस्तक पुढे केले आणि पावती मागितली.